सरळ ओळीतला करडा धोबी

रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला सारून गोळीबाईंनी पक्ष्यांची वही उघडली आणि त्यांच्या काळजात धस्स झालं.

मंगळवारच्या पानावर, अगदी शेवटी, लिहिलं होतं: 'करडा धोबी, एक. पाइपावर. सात वाजून दहा.' शाई त्यांच्याच पेनाची. अक्षर त्यांचंच, तोच पुढे वाकलेला 'क', तीच 'ध'ची आखडलेली गाठ. पण मंगळवारी आपण करडा धोबी पाहिला, हे त्यांना आठवत नव्हतं. पाहिल्याचं नाही आणि लिहिल्याचंही नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मंगळवारची सकाळ पहिल्यापासून पुन्हा चालून पाहिली. तळं आठवलं, गार वारा आठवला, डाव्या बुटात गेलेला खडा आठवला. धोबी काही केल्या सापडेना.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? आपल्याला परवाचं जेवण आठवत नाही, आणि ही बाई एका चिमुरड्या पाखरासाठी जिवाला घोर लावून घेते. म्हणणाऱ्याचं काय जातं? त्याच्या आईला साठीच्या आत स्वतःच्या पोटच्या मुलींची नावं विसरताना त्याने पाहिलेलं नसतं. गोळीबाईंनी पाहिलं होतं. त्यांचं वय आता सत्तावन्न होतं, आणि ही अशी चौथी ओळ होती.

गोळीबाई हे नाव त्यांना इस्पितळात मिळालं. तिथल्या औषधांच्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. खिडकीपुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना त्यांचं खरं नाव सांगूनही लक्षात राहत नसे, त्यामुळे गोळ्या देणाऱ्या त्या गोळीबाई झाल्या, आणि पुढे डॉक्टरमंडळीही तेच म्हणायला लागली. भिंतभर ड्रॉवर होते, आठशेच्या वर औषधं होती, आणि कुठलं कुठे आहे हे त्या मान न वळवता सांगत. त्यांची एक शिस्त होती. औषध हातात देण्याआधी त्याचं नाव मोठ्याने उच्चारायचं, मगच द्यायचं. कानाने ऐकलं की हाताची चूक कळते, असं त्या म्हणत. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी डब्यातून साखर काढतानाही त्या "साखर" म्हणत, आणि नवरा आतून "बरोबर आहे, द्या पेशंटला" असं ओरडे.

नवरा पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. ही चूक कोणी केली तर त्याला राग येई. दुकानांच्या पाट्या आता छापून येतात, तरी दारांच्या काचेवरची सोनेरी अक्षरं, घरांच्या नावाच्या पाट्या असं काम त्याच्याकडे अजून होतं. पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. कोणाचंही अक्षर तो हुबेहूब उतरवी. एका शिंप्याने स्वतःची सही आणून दिली होती, ती त्याने पाटीवर हातभर लांब अशी काढली की शिंपी म्हणाला, आता बँकेत तुम्हीच जा. पक्ष्यांतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नसे. कावळा सोडून उरलेल्या सगळ्या त्याच्या लेखी चिमण्याच.

पक्ष्यांचा नाद लावला तो धाकट्या बहिणीने. धाकटी दुसऱ्या गावात राहायची आणि आरोग्याच्या पुरवण्या वाचून बहिणीला फोनवर ऐकवायची. आईचं जे झालं त्याची धास्ती तिलाही होतीच, पण तिची धास्ती कामाला लागे. आधी तिने बदाम सुचवले, मग शब्दकोडी, मग उलट्या हाताने दात घासणं. दीड वर्षापूर्वी तिने सरळ दुर्बीणच पाठवून दिली.

"ताई, ऐक," ती फोनवर म्हणाली. "सकाळी तासभर चालणं होतं. रक्तदाब उतरतो. डोळ्यांना लांबचं बघायची सवय लागते. झोप चांगली लागते. आणि मुख्य म्हणजे नावं, रंग, आवाज सगळं लक्षात ठेवायचं, म्हणजे डोकं कामात राहतं. गंजत नाही."

"डोकं काय बिजागरी आहे गंजायला?" गोळीबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून त्या निघाल्या. औषध म्हणून सांगितलेली गोष्ट टाळणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

गावाच्या कडेला दगडाची एक जुनी खाण होती, तिच्यात पाणी भरून तळं झालेलं. काठाला लोखंडी कठडा, एक बाक, आणि पाण्यात अर्धवट शिरलेला एक गंजका पाइप. पेंटरही सोबत यायचा. त्याला पक्ष्यांचं काही पडलं नव्हतं. बायको एकटी निसरड्या काठाने फिरते हे त्याला पसंत नव्हतं, एवढंच. तो थर्मास घेऊन बाकावर बसे. ती दुर्बीण लावून फिरे, आणि खिडकीवरच्या सवयीने दिसेल त्याचं नाव मोठ्याने सांगे. "टिबुकली, दोन. पाणकावळा. शेकाट्या, तीन." बाकावरून हं येई.

आणि गुण आला, हे कबूल करायला हवं. चार महिन्यांत रक्तदाब असा उतरला की डॉक्टरीणबाईंनी यंत्र बदलून पुन्हा मोजला. जिन्यात लागणारी धाप गेली, गुडघे कुरकुरायचे थांबले. रात्री दोनला उघडणारा डोळा सकाळी पाचला उघडायला लागला. खिडकीवर रांग कितीही वाढली तरी बाई पूर्वीसारख्या करवादत नसत. धाकटी फोनवर इतकी फुशारली, की जणू पक्षी तिनेच घडवून पाठवले होते.

गोळीबाईंनी त्यात आपली एक भर घातली. तळ्यावर काही लिहायचं नाही. सगळं डोक्यात घेऊन यायचं आणि घरी चहा पिताना, कुणाला न विचारता, आठवून वहीत उतरवायचं. पक्षी, किती, कुठे, किती वाजता. औषध घ्यायचं तर डोस पुरता घ्यावा, हा त्यांचा हिशेब. वही पेंटरनेच उरलेल्या जाड कागदांची शिवून दिली होती, बिनरेघांची. रोज एक नवं पान.

वर्षभर हे सुरळीत चाललं. मग पाच आठवड्यांपूर्वी मागची पानं चाळताना त्यांना एक गप्पीदास सापडला, जो त्यांनी पाहिलाच नव्हता. मग एक तुतवार. मग आणखी एक तुतवार. आणि आज हा धोबी.

पहिल्या वेळी त्यांनी मान झटकली. दुसऱ्या वेळी ते पान तीनदा वाचलं. आपण लिहितो आणि आपल्याला ठाऊक नसतं, म्हणजे आपल्याआड आपल्यातच कोणी दुसरी बाई बसलीय, असं त्यांना वाटायला लागलं. ती आज पक्षी लिहिते. उद्या काय लिहील? सकाळी जो हात वहीवर असा परस्पर चालतो, तोच दहा वाजता खिडकीवर लोकांच्या तोंडात जाणारं औषध काढतो.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. धाकटीला सांगावं तर ती पहिल्या गाडीने येऊन रडत बसेल. नवऱ्याला सांगावं तर तो गप्प होईल, आणि त्याचं गप्प होणं त्यांना सोसत नसे. मग त्यांनी स्वतःच्या परीक्षा घ्यायचा सपाटा लावला. बसमध्ये शंभरातून सात-सात वजा करत उलटं यायचं. पहिल्या रांगेतले सगळे ड्रॉवर मनात डावीकडून उजवीकडे म्हणायचे. एकदा बाराव्या ड्रॉवरपाशी गाडी अडली, आणि त्या इस्पितळात पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. बारावा ड्रॉवर रिकामाच असतो, हे तिथे गेल्यावर दिसलं.

गुरुवारी मात्र खरंच हात चुकला. एका आजोबांना रक्तदाबाची गोळी द्यायची होती आणि हातात शेजारच्या ड्रॉवरमधली पट्टी आली. नाव मोठ्याने उच्चारलं तेव्हाच कानाने अडवलं. आजोबा म्हणाले, "काय झालं, बाई?" त्या म्हणाल्या, "काही नाही, दोन मिनिटं," आणि आत जाऊन पाणी प्यायल्या. अशी चूक सव्वीस वर्षांत काय कमी वेळा झाली असेल? झाली की पट्टी परत टाकायची आणि पुढचा कागद घ्यायचा. पण आता भीती अशी मानगुटीवर बसली होती, की साधी चूक साधी राहिली नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी राजीनामा लिहिला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडली.

आईची एक गोष्ट त्यांनी धाकटीलाही कधी सांगितली नव्हती. शेवटी शेवटी आई दारात कोणी दिसलं की विचारायची, "कोण आलंय?" सांगितलं की हं म्हणायची, आणि घटकाभराने पुन्हा, "कोण आलंय?" एका दुपारी, कामावरून दमून आल्यावर, सतराव्यांदा का अठराव्यांदा, गोळीबाई तिच्यावर खेकसल्या होत्या. "आत्ताच सांगितलं ना! किती वेळा तेच तेच?" आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर विचारणंच सोडलं. दोन वर्षं ती भिंतीकडे बघत बसली. कोणी आलं, गेलं, तिने विचारलं नाही. बाकी सगळं विसरली, पण एवढं कसं कोण जाणे तिच्या लक्षात राहिलं. गोळीबाईंना मरणाची भीती नव्हती. त्यांना त्या भिंतीची होती.

तर रविवारी सकाळी धोबी पुढ्यात घेऊन त्या बसल्या होत्या. पुढच्या खोलीतून टण्ण असा आवाज आला. पेंटरने एका दंतवैद्याच्या पाटीवर दोरी मारली होती. खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, की फळीवर सरळ पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं उभी करायची. चाळीस वर्षं हा माणूस रेघ मारल्याशिवाय एक अक्षर लिहीत नव्हता. दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी आधी पेन्सिलीची रेघ ओढून मग खोडे, आणि त्यावरून त्याची थट्टा करण्यात गोळीबाईंचा संसार गेला होता.

त्यांनी सहज वहीकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

त्यांच्या ओळी बिनरेघांच्या कागदावर उजवीकडे वर चढत जात. सगळ्याच. शाळेपासून त्यावरून बोलणी खाल्लेली. टिबुकली वर चढली होती, पाणकावळा वर चढला होता, शेकाट्या तर पार छपराला लागला होता. धोबी तेवढा सरळ होता. फळीवर उभा केल्यासारखा सरळ.

त्यांनी पान खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं. धोब्याच्या पायाखाली, खोडलेली तरी कागदात उमटून राहिलेली, पेन्सिलीची बारीक रेघ होती. त्यांनी तुतवार काढला. रेघ. दुसरा तुतवार. रेघ. गप्पीदास. रेघ.

आधी काय झालं असेल, तर त्यांना रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. मी नाही लिहिलं! माझ्यात कोणी दुसरी बाई नाही, आहे तो हा दीडशहाणा माणूस आहे. छातीवरचा दगड उतरला. आणि लगेच असा संताप आला, की त्या वही घेऊन तरातरा पुढच्या खोलीत गेल्या.

"हे तुम्ही लिहिलंत?"

पेंटरने ब्रश खाली ठेवला. वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ओळ सरळ आली ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. तुझं अक्षर जमलं गं, पण तिरकं लिहायला हात धजेना."

"थट्टा सुचतेय तुम्हाला? पाच आठवडे झाले, मी जिवंतपणी मेलेय! मला वाटलं, मी वेडी झाले. राजीनामा लिहून ठेवलाय मी! आणि जो पक्षी मी पाहिलाच नाही, तो माझ्या वहीत घालायचं तुम्हाला कारण काय?"

पेंटर हातावरचा रंग फडक्याने पुसत राहिला. हात पुसून झाला तरी पुसत राहिला. त्याच क्षणी गोळीबाईंना कळायला लागलं, आणि आपण हे विचारायला नको होतं असं त्यांना वाटलं.

"पाहिलास तू," तो हळूच म्हणाला. "मंगळवारी. पाइपावर. तू मोठ्याने म्हणालीस, करडा धोबी, एक. मी बाकावर होतो. मला पक्षी कळत नाही, पण शब्द कळतो. पाटीवर लिहायचा असल्यासारखा लक्षात राहतो. घरी येऊन तू पाचच लिहिलेस. तुला वाटलं, तेवढेच होते."

"मग मला सांगायचंत."

"पहिल्या वेळी सांगणार होतो. पण तू वही मिटून म्हणालीस, बघा, सगळे आठवले. काय खूश होतीस. मला धीर झाला नाही. म्हटलं, एखादा राहिला तर मी घालीन. कोणाला कळतंय?"

गोळीबाई स्टुलावर बसल्या. दंतवैद्याची अर्धी पाटी त्यांच्यासमोर होती.

"चारच ना?" त्यांनी विचारलं. "चार म्हणजे काही फार नाही. चार कोणीही विसरतं."

पेंटरने रंगाच्या डब्यांमागून पत्र्याचं एक झाकण काढलं. त्याच्या आतल्या बाजूला, दोन पेन्सिल-रेघांच्या मधे, बारीक सुबक अक्षरांत यादी होती. पक्षी आणि तारीख. गोळीबाईंनी बोट ठेवून मोजलं. अकरा. चार त्यांना खटकले होते. उरलेले सात त्यांनी वहीत वाचले होते, आणि आपलेच म्हणून मान डोलावून पुढे गेल्या होत्या. पहिल्या तीन महिन्यांत दोन. पुढच्या दोन महिन्यांत नऊ.

"मलाही भीती वाटते," पेंटर म्हणाला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. हे वाक्य त्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवारी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. वही आणि झाकण दोन्ही घेऊन. बाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द सांगितले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत विचारले. गोळीबाईंनी तीन सांगितले. चौथ्यासाठी त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि पेंटर मुठी आवळून बसला. त्याला पाचही येत होते. त्याचे ओठ हललेले पाहून डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं.

पंधरा दिवसांनी तपासण्या आल्या. त्यांत विसरण्याचा दोष देण्यासारखं, औषधाने बरं होणारं काही सापडलं नाही, आणि इथे काही न सापडणं ही चांगली बातमी नव्हती.

"सुरुवात असावी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी सुरुवात. आणखी तपासण्या करू, पण तुम्ही औषधांतल्या आहात, तुम्हाला गोल गोल सांगत नाही."

"पक्षी बघून हे थांबेल असं माझी बहीण म्हणते," गोळीबाई म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा आला.

"थांबेल असं मी म्हणणार नाही. पण सोडू नका. तुमचा रक्तदाब जागेवर आहे, झोप आहे, पाय धड आहेत. पुढे हे सगळं लागणार आहे. आणि इतक्या लवकर माझ्याकडे कोणी येत नाही हो. तारीख-वेळेसकट तर नाहीच नाही." त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. "हे कोणी लिहिलंय? छान अक्षर आहे."

गोळीबाईंनी पर्समधला कागद काढून त्यावर तारीख घातली. खिडकीवरच्या शेवटच्या दिवशी त्यांनी शेवटचं औषध मोठ्याने नाव घेऊन दिलं, आणि ते बरोबर होतं.

आता तळ्यावर जाताना दोन वह्या असतात. तिची, वर चढणाऱ्या ओळींची, आणि त्याची, रेघा मारलेली. दुर्बीण एकच, ती आळीपाळीने. ती त्याला शिकवते. साठीच्या माणसाला शिकवणं म्हणजे डोकेफोड. टिबुकलीला तो अजून बदकाचं पिल्लू म्हणतो. पण आता तो बघतो, विचारतो, आणि त्याचे कान तर आधीपासूनच तयार आहेत. कशासाठी शिकवायचं, हे दोघांनाही माहीत आहे. बोललं कोणी नाही.

परवा सकाळी ती दोघं बाकावर बसली होती. पाइपावर काहीतरी हललं. शेपटी वर-खाली, वर-खाली.

"तो कोण?" तिने विचारलं.

पेंटरने दुर्बीण लावली, वेळ घेतला. "करडा धोबी," तो म्हणाला. "एक."

"बरोबर."

त्याने लिहिलं. थर्मासमधला चहा ओतला, तिला दिला. वारा पडला होता. पाखरू उडालं, तळ्यावर एक फेरी मारून परत पाइपावर येऊन बसलं.

"अहो, तो कोण?" तिने विचारलं.

पहिल्या वेळी तिने त्याची परीक्षा म्हणून विचारलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या वेळचं तिला सांगता आलं नसतं. कप हातात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली, आईने पाहिलं होतं तशी.

पेंटरने पुन्हा दुर्बीण लावली. पुन्हा तेवढाच वेळ घेतला.

"करडा धोबी," तो म्हणाला. "एक."